काडतूस अडलं म्हणून दारू वाढवू नका

“काडतूस अडतंय ना? मग दारू कमी पडतेय. जराशी वाढव, सुरळीत चालेल.” घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या तोंडून हा सल्ला वारंवार कानावर येतो, आणि दर वेळी तितकाच संताप होतो. अमेरिकेत ट्रॅप आणि स्कीट खेळणारे पुष्कळ नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून घरच्या गॅरेजमध्ये त्या पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायचं तर लागतो. भारतात गोष्ट वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख तिकडे राहून हा खेळ खेळणाऱ्या वाचकांसाठी आहे.

गैरसमज : काडतूस अडतं ते दारू कमी असल्यामुळे.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोष काडतुसाच्या मापात असतो, दारूत नाही. अर्धस्वयंचलित बंदुकीत मागच्या बाराच्या जोरावर पुढचं काडतूस चेंबरमध्ये येतं, हे खरं. पण मग हाताने चेंबरमध्ये सरकवलेलं पहिलंच काडतूस का अडतं? पंपच्या बंदुकीत सगळा जोर हाताचा असतो, तिथे का अडतं? त्या काडतुसातली दारू अजून पेटलेलीच नाही. ती वाढवून चेंबरमध्ये शिरणं सोपं कसं होणार?

खरं कारण शोधायला फार वेळ लागत नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळी काढून वेगळी करा आणि भरलेलं काडतूस तिच्या चेंबरमध्ये सोडा. ते स्वतःच्या वजनाने आत गेलं पाहिजे, कडा नीट बसली पाहिजे आणि नळी उलटी केली की ते आपसूक बाहेर आलं पाहिजे. जोडलेल्या बंदुकीत, घरात, जिवंत काडतुसावर ही तपासणी कधीही करायची नाही. अडलं तर काडतुसावर मार्करची शाई फासून पुन्हा सोडा. जिथली शाई खरवडली जाईल, तिथे दोष.

शाई बुडाशी गेली असेल, तर पुंगळीचं धातूचं बूड फुगलेलं आहे. बार झाला की बूड चेंबरभर फुगतं. भरताना ते दाबून पुन्हा मापात आणावं लागतं. स्वस्तातल्या काडतुसांचं बूड दिसतं पितळेचं, पण असतं मुलामा दिलेल्या पोलादाचं. लोहचुंबक लावा, लगेच कळेल. पोलाद दाबलं तरी थोडं मूळ मापाकडे परत फिरतं, म्हणून अशी पुंगळी जास्त छळते. शाई तोंडाखाली गेली असेल, तर घडी घालताना प्रेस जास्त खोल उतरतेय किंवा आतला वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) आणि छर्रे मिळून उंची जास्त होतेय, त्यामुळे पुंगळीला खांद्याशी फुगवटा आलाय. उलट घडी सैल राहिली, तर बंदुकीच्या मॅगझिनच्या नळकांड्यात पडून असताना धक्क्यांनी ती उघडते आणि सांडलेले छर्रे यंत्रणेत अडकतात. बुडावरून बोट फिरवून प्रायमरही तपासा. तो किंचितही वर आलेला असेल तर ते काडतूस बाजूला ठेवा, कारण असं काडतूस नुसतं अडत नाही, बोल्ट बंद होताना झडूही शकतं.

आता त्या सल्ल्यातला खरा भाग. फार हलका बार असेल, तर काही अर्धस्वयंचलित बंदुकांचं चक्र पुरं होत नाही. विशेषतः बेनेलीसारख्या, धक्क्याच्या जोरावर चालणाऱ्या बंदुकांत हे घडतं. पण तेव्हा लक्षण वेगळं असतं : रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकली जात नाही. अशा वेळी आधी बंदूक साफ करा. रेमिंग्टन ११०० मध्ये वायूची भोकं काजळीने बुजतात आणि मॅगझिनच्या नळकांड्यावरची रबरी रिंग तुटते. ती बदलली की बरेचदा बंदूक पुन्हा चालू लागते. तरीही भागलं नाही, तर दारू कंपनीच्या किंवा लायमनच्या पुस्तकातली जास्त जोराची दुसरी कृती निवडा आणि ती जशीच्या तशी पाळा. पुंगळी, प्रायमर, दारू, वॅड, छर्ऱ्यांचं वजन, पाचही गोष्टी पुस्तकात असतील त्याच हव्यात. यातली एक बदलली तरी दाब बदलतो.

“जराशी” वाढवण्याचा धोका नेमका कुठे आहे? पावणेतीन इंची बाराबोअर काडतुसासाठी अमेरिकेतल्या ‘सामी’ या उद्योगसंस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे. .३०८ विंचेस्टर रायफलसाठी ती ६२,००० आहे. बाराबोअरची नळी पातळ का असते, ते यावरून कळावं. बिनधुराच्या दारूचा दाब वजनाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. थोडी भर पडली तरी तो झपाट्याने चढतो. शिवाय तो बाहेरून दिसत नाही. खांद्याला बसणारा धक्का छर्ऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर अवलंबून असतो, कमाल दाबावर नव्हे, म्हणून “धक्का तर नेहमीचाच होता” यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा सल्ला ठासणीच्या बंदुकीच्या काळातला आहे. काळी दारू अंदाजाने मापली तरी पुष्कळदा निभायचं. बिनधुराच्या दारूत ती सूट नाही.

गैरसमज : प्रेसमध्ये दारू मापणाऱ्या बुशिंगचा नंबर तक्त्याप्रमाणे बसवला की वजन करायची गरज नाही.
वस्तुस्थिती : तक्ता अंदाज देतो. लीव्हरचा झटका, दारूचा नवा डबा, बाटलीतली पातळी, सगळ्याने वजन हलतं. ग्रेनचा काटा लागतोच (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम).

गैरसमज : दारू पडली नाही तर लीव्हर पुन्हा मारावा.
वस्तुस्थिती : पापुद्र्याची दारू प्रेसच्या दारू पडायच्या नळीत पूल बांधून अडकते. दुसऱ्या फटक्यात दोन्ही मापं एकदम खाली येऊ शकतात. पुंगळी ओतून रिकामी करा, नळी मोकळी करा, नव्याने सुरू करा.

गैरसमज : अडणाऱ्या काडतुसांना तेल लावावं.
वस्तुस्थिती : तेलाला काजळी आणि धूळ चिकटते, प्रायमरपर्यंत पोचलं तर बार फुसका जातो, आणि मापाचा दोष तसाच राहतो.

गैरसमज : पुंगळी कितीही वेळा भरता येते.
वस्तुस्थिती : तोंडाच्या घडीला चीर गेली किंवा बारीक भोक दिसलं, की ती कचऱ्यात.

गैरसमज : पावणेतीन इंच ही बंद काडतुसाची लांबी.
वस्तुस्थिती : ती बार झाल्यावर उघडलेल्या पुंगळीची लांबी आहे. म्हणून तीन इंची काडतूस पावणेतीनच्या चेंबरमध्ये शिरतं, पण त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा नसते आणि दाब चढतो. काडतूस आत गेलं म्हणजे ते तिथलंच आहे असं नव्हे.

गैरसमज : बार फुसका झाला तर पुढचं काडतूस लावून खेळ चालू ठेवावा.
वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. “फुस्स” आवाज आला, तर वॅड नळीतच अडकलेला असू शकतो आणि त्यामागून झाडलेलं पुढचं काडतूस नळी फाडतं. बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडं थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीच्या आरपार उजेड दिसतो का ते पाहा. रांगेतले बाकीचे खोळंबले तर खोळंबू द्या, आणि त्या खेपेला भरलेली उरलेली काडतुसं एकूण एक उकलून तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नका.