बेरजेचा क्रम का बदलता येतो?

संख्या कोणत्याही क्रमाने मिळवल्या तरी बेरीज तीच येते, हे शाळेत गृहीत धरले जाते. मूळ नियम मात्र दोनच आहेत: अ + ब = ब + अ आणि (अ + ब) + क = अ + (ब + क). त्यांवरून हजार संख्यांबद्दलचे विधान आपोआप मिळत नाही. ते सिद्ध करावे लागते.

सांत संचातील प्रत्येक घटकाला एकेक संख्या जोडलेली आहे आणि त्या सर्वांची बेरीज हवी आहे, असे समजा. संचाला स्वतःचा क्रम नसतो. म्हणून घटकांची यादी करायची आणि एकेक संख्या आधीच्या बेरजेत मिळवत जायची. पण यादीगणिक उत्तर बदलले, तर ‘संचावरील बेरीज’ या शब्दांना अर्थच उरणार नाही.

ते बदलत नाही याची सिद्धता गणिती विगमनाने होते, आणि ती देखणी आहे. एका घटकाच्या संचाची यादी एकच. आता न घटकांच्या प्रत्येक संचासाठी विधान खरे माना आणि न + १ घटकांच्या संचाच्या दोन याद्या घ्या. पहिल्या यादीतली शेवटची संख्या क्ष दुसरीत कुठेही असू शकते. तिच्या आधीची बेरीज प आणि तिच्या लगेच नंतरची संख्या य असेल, तर (प + क्ष) + य = (प + य) + क्ष; क्ष सुरुवातीलाच असेल, तर नुसते क्ष + य = य + क्ष. क्ष एक घर पुढे सरकली, बेरीज तशीच राहिली. असे करत ती शेवटी पोहोचते. दोन्हीकडून ती वगळली की उरतात एकाच न-घटकी संचाच्या दोन याद्या. त्यांच्या बेरजा गृहीतकानुसार समान.

बाकीचे गुणधर्म भराभर निघतात. समान घटक नसलेल्या दोन संचांच्या संयोगावरील बेरीज म्हणजे त्यांच्या बेरजांची बेरीज, कारण आधी एका संचाची आणि मग दुसऱ्याची यादी करण्याची मुभा आता आहे. हाच नियम टिकावा म्हणून रिक्त संचावरील बेरीज ० ठरते. ४० विद्यार्थ्यांचे ६ विषयांतील गुण ओळींनी मिळवा वा रकान्यांनी, एकूण तेच येते.

‘सांत’ ही अट मात्र सोडता येत नाही. १ − १/२ + १/३ − १/४ + … या अनंत मालिकेची बेरीज सुमारे ०.६९३ आहे, तीच पदे एक धन, दोन ऋण अशी घेतली की ती निम्मी होते. संगणकात तर दशांश संख्यांच्या सांत बेरजेतही साहचर्य तंतोतंत पाळले जात नाही: बहुतेक संगणकभाषांत (०.१ + ०.२) + ०.३ चे उत्तर ०.६००००००००००००००१ येते, तर ०.१ + (०.२ + ०.३) चे ०.६.