विश्लेषण : ‘डी-डे’ एक दिवस आधी किंवा दोन आठवडे उशिरा झाला असता तर…?

दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. पहिल्याच दिवशी सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक हवाई आणि सागरी मार्गाने तेथे पोहोचले. इतिहासात ‘डी-डे’ म्हणून नोंदवली गेलेली ही तारीख मुळात ठरलेली नव्हती. ठरलेला दिवस होता ५ जून. तो खराब हवामानामुळे हुकला आणि त्यानंतरची संधी थेट दोन आठवड्यांनी येणार होती. या दोन्हींपैकी एखादी तारीख निवडली गेली असती तर काय झाले असते?

मोजकेच दिवस का योग्य होते?

मोहिमेचे सर्वोच्च सेनापती जनरल ड्वाइट आयसेनहॉवर यांना चंद्र आणि समुद्र दोन्हींचे वेळापत्रक सांभाळायचे होते. छत्रीधारी सैनिक आणि ग्लायडर रात्री उतरणार असल्याने चांदणे हवे होते. जर्मन फील्ड मार्शल एर्विन रोमेल यांनी किनाऱ्यावर लाकडी खांब, लोखंडी अडथळे आणि सुरुंग पेरून ठेवले होते. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जात आणि नौकांना दिसत नसत. त्यामुळे पहाटे ओहोटी हवी होती, म्हणजे अडथळे उघडे पडून ते तोडता येतील. त्यानंतर पाणी चढू लागायला हवे होते, नाहीतर सैनिक उतरवून रिकाम्या झालेल्या नौका वाळूतच रुतून बसल्या असत्या. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या अटी पूर्ण करणारे तीनच दिवस होते : ५, ६ आणि ७ जून.

ही मोहीम आधी मे महिन्यात होणार होती. मात्र हल्ल्याची आघाडी तीनवरून पाच किनाऱ्यांपर्यंत वाढवल्यावर सैनिक उतरवणाऱ्या नौका कमी पडू लागल्या. त्या जमवण्यासाठी महिनाभर थांबावे लागले.

५ जूनचा मुहूर्त का टळला?

मुख्य हवामान सल्लागार ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग यांच्याकडे ना उपग्रह होते, ना संगणक. जहाजे, विमाने आणि किनाऱ्यावरील केंद्रांतून येणाऱ्या नोंदी नकाशावर मांडून अंदाज बांधला जाई. त्यातही अमेरिकी आणि ब्रिटिश तज्ज्ञांचे एकमत होत नव्हते. अमेरिकी गट आशावादी होता, तर ब्रिटिश हवामान खात्याचे तज्ज्ञ वादळाचा इशारा देत होते.

आयर्लंडच्या पश्चिम टोकावरील ब्लॅकसॉड येथील नोंदी या वेळी महत्त्वाच्या ठरल्या. आयर्लंड युद्धात तटस्थ होता, तरी हवामानाची माहिती ब्रिटनला देत होता. मॉरीन फ्लाविन ही तरुणी तेथे वायुभारमापकावरील आकडे नोंदवत असे. हवेचा दाब झपाट्याने घसरत असल्याची तिची नोंद इतकी गंभीर होती, की ती बरोबर असल्याची खातरजमा करण्यासाठी इंग्लंडहून दूरध्वनी आला. ४ जूनच्या पहाटे आयसेनहॉवर यांनी मोहीम एक दिवस पुढे ढकलली. तोवर काही जहाजे निघालीही होती, त्यांना परत बोलवावे लागले.

५ जून रोजी इंग्लिश खाडीत जोरदार वारे होते आणि ढग खाली आले होते. त्या दिवशी हल्ला झाला असता तर सपाट तळाच्या अनेक नौका किनारा गाठण्याआधीच उलटल्या असत्या आणि विमानांची साथही जवळपास मिळाली नसती. निवळलेल्या ६ जूनलाही समुद्र इतका खवळलेला होता, की ओमाहा किनाऱ्यापासून दूर पाण्यात सोडलेले बहुतेक तरंगते रणगाडे बुडाले.

६ जूनचा निर्णय कसा झाला?

४ जूनच्या रात्री पोर्ट्समथजवळील साउथविक हाउसमध्ये बैठक झाली, तेव्हा बाहेर पाऊस सुरू होता. दोन वादळी पट्ट्यांच्या मध्ये हवामान थोडा काळ सुधारेल, असे स्टॅग यांनी सांगितले. आयसेनहॉवर यांनी होकार दिला आणि ५ जूनच्या पहाटे तो कायम केला. मोहीम फसल्यास प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी एक छोटे निवेदनही लिहून ठेवले. अपयशाची सारी जबाबदारी त्यात त्यांनी स्वतःवर घेतली होती.

जर्मनी गाफील कशी राहिली?

अटलांटिकमधील नोंदी हाती नसल्याने जर्मन हवामानतज्ज्ञांना ही अल्पकाळची उघडीप हेरता आली नाही. अशा हवेत हल्ला होणार नाही, या समजातून समुद्रावरील गस्त थांबवण्यात आली. रोमेल जर्मनीला गेले होते. ६ जूनला त्यांच्या पत्नीचा वाढदिवस होता आणि अधिक रणगाडे मागण्यासाठी त्यांना हिटलरची भेटही घ्यायची होती. नॉर्मंडीतील अनेक वरिष्ठ अधिकारी युद्धसरावासाठी रेन शहराकडे निघाले होते. राखीव रणगाडा तुकड्या हलवण्यास हिटलरची परवानगी लागे. ती मिळेपर्यंत दुपार उलटली. हवा स्वच्छ असती तर दोस्त राष्ट्रांच्या नौकांना सोपे गेले असते, पण समोर शत्रूही सावध असता.

१९ जूनची वाट पाहिली असती तर?

६-७ जूनची संधी सोडली असती तर ओहोटीची योग्य वेळ १९ जूनच्या आसपास येणार होती. मात्र तेव्हा अमावास्या असल्याने रात्री चांदणे मिळाले नसते. प्रत्यक्षात १९ ते २२ जूनदरम्यान खाडीत अनेक दशकांतील भीषण वादळ झाले. त्यात ओमाहा येथील अमेरिकी कृत्रिम बंदर उद्ध्वस्त झाले आणि शेकडो नौका किनाऱ्यावर आदळल्या. या काळात फौजा उतरत असत्या तर सर्वनाश ओढवला असता. वादळाचा अंदाज वेळीच आला असता तर मोहीम जुलैवर गेली असती.

दुसरा धोका गुप्तता फुटण्याचा होता. सैनिकांना लक्ष्य सांगून छावण्यांत बंदिस्त केले गेले होते. हल्ला कॅले भागात होणार, असे जर्मनीला भासवले जात होते. हे नाटक महिनाभर टिकवणे अवघड होते. १३ जूनपासून लंडनवर व्ही-१ उडते बॉम्बही पडू लागले होते.

जर्मनी जिंकली असती का?

बहुधा नाही. २२ जून १९४४ रोजी सोव्हिएत संघाने पूर्व आघाडीवर ‘ऑपरेशन बॅग्रेशन’ सुरू केले आणि काही आठवड्यांत जर्मनीचा मध्यवर्ती सेनासमूह मोडून काढला. जर्मनीचा पराभव केवळ नॉर्मंडीवर अवलंबून नव्हता. मात्र नॉर्मंडी फसली असती तर काही जर्मन तुकड्या पूर्वेकडे वळवता आल्या असत्या आणि युद्ध लांबले असते. पश्चिमेकडील फौजा जर्मनीत उशिरा पोहोचल्या असत्या, तर सोव्हिएत फौजा प्रत्यक्षापेक्षा अधिक पश्चिमेला गेल्या असत्या आणि युद्धोत्तर युरोपची विभागणी वेगळी झाली असती. जर्मनीने मे १९४५ मध्ये शरणागती पत्करली, तर अमेरिकेने अणुबॉम्बची पहिली चाचणी जुलैमध्ये घेतली. युद्ध तोवर चालले असते तर तो बॉम्ब युरोपात वापरण्याचा प्रश्न उभा राहिला असता.

लांबलेल्या प्रत्येक आठवड्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली असती. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतच्या अवघ्या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंची हद्दपारी झाली. त्यांतील बहुतेकांना ऑशविट्झला नेण्यात आले. युद्ध काही महिने वाढणे म्हणजे छळछावण्याही तितके महिने सुरू राहणे, असाच त्याचा अर्थ झाला असता.