शूलपाणीच्या झाडींतलें नर्मदातीर

नर्मदा म्हटली कीं आपल्या घरांतील वडील मंडळींस अमरकंटक, ओंकारेश्वर आणि गरुडेश्वर हीं स्थळें आठवतात. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी १९१४ सालीं गरुडेश्वरीं समाधिस्थ झाले, तेव्हांपासून तर महाराष्ट्रीय दत्तभक्तांचा त्या तीराशीं संबंध अधिकच दृढ झाला. परंतु १३१२ किलोमीटर लांबीची ही पुण्यनदी महाराष्ट्राच्या अंगणालाही स्पर्श करून जाते, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा सुमारें ५४ किलोमीटरपर्यंत नर्मदेनेंच आंखली आहे.

तेथें जावयाचें तर सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानकावर उतरावें. तापी ओलांडून तळोद्यास आलें म्हणजे समोर सातपुडा उभा राहतो. तळोद्याहून चांदसैलीच्या अवघड घाटानें धडगांवास, अथवा अक्कलकुव्याहून देवगोईच्या घाटानें मोलगीस जातां येतें. पावसाळ्यांत हे घाट धोक्याचे असतात. दिवाळीनंतरचे दिवस प्रवासास उत्तम. साग, बांबू, मोह, चारोळी यांचें हें रान. अस्वल व बिबट्या येथें अद्याप आहेत. मात्र दाट अरण्याच्या अपेक्षेनें जाणाऱ्यास अनेक टेंकड्या उघड्या पडलेल्या दिसून वाईट वाटेल.

जुने परिक्रमावासी या प्रदेशास ‘शूलपाणीची झाडी’ म्हणत व त्याचें नांव निघतांच भीत. झाडींत भिल्ल वाटसरूस अडवीत आणि अंगावरच्या लंगोटीखेरीज सर्व कांहीं काढून घेत. भाविकांनीं या लुटारूंस ‘मामा’ म्हटलें. नर्मदा माता, तेव्हां तिचे हे भाऊ. भाच्याच्या मनांत उरलेला परिग्रह मामा उतरवून घेतो, अशी ती समजूत! लुटीलाही नात्याचें नांव देणारी ही श्रद्धा कौतुकास्पद खरीच. परंतु पुढें काय झालें तेंही आपण ऐकावें.

१९७९ सालीं नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा झाला आणि त्यास अनुसरून गुजरातेंत सरदार सरोवर धरण उभें राहिलें. त्याची उंची १३८.६८ मीटर, २०१७ सालीं त्याचें लोकार्पण झालें. या धरणानें गुजरात व राजस्थान येथील तहानलेल्या मुलुखास पाणी दिलें, आणि त्याच्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्रास ठरला. हा लाभ नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु त्यासाठीं नंदुरबार जिल्ह्यांतील ३३ गांवें बुडितांत आलीं. त्यांत मणिबेली हें पहिलें. शूलपाणेश्वराचें प्राचीन मंदिरही जलमग्न झालें. नवें मंदिर गुजरातेंतील गोरा येथें बांधलें आहे. तळोद्याच्या वनांतील सुमारें ४२०० हेक्टर भूमि विस्थापितांसाठीं मोकळी करण्यांत आली, आणि अनेक कुटुंबें सपाटीवर येऊन वसलीं; कांहीं मात्र अजून पाण्यावरच्या टेंकड्यांवर राहतात. नदीकांठची परिक्रमेची वाटही बुडाली. आतां यात्रिक डोंगरांतल्या वरच्या वाटांनीं जातात, आणि तेच ‘मामा’ त्यांस भाकरी वाढतात. तेव्हां कोणी कोणास लुटलें, हा प्रश्न विचारी मनुष्यानें एकदां स्वतःस विचारावा.

या लोकांचें वैभव पाहावयाचें असेल तर होळीस अक्कलकुवें तालुक्यांतील काठी या गांवीं जावें. तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू मोठ्या निष्ठेनें आणून उभारतात, रात्रभर ढोल व बांसरीच्या नादांत नृत्य चालतें, आणि पहांटे होळी पेटते. अंगावर ठिपके काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेस वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले नर्तक पाहिले म्हणजे हा केवळ खेळ वाटेल. पण हे लोक आधीं कांहीं दिवस व्रतस्थ राहतात, खाटेवर निजत नाहींत, संयम पाळतात. आपल्या घरीं अनुष्ठानास बसणारा यजमान याहून वेगळें काय करतो?

आमच्या भगिनींस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एकादशीस आपण जी भगर शिजवितों, तिच्यांत मोलगीची भगर नांवाजलेली आहे. या डोंगरउतारांवर ती पिकते. धडगांवकडील आमचूरही तसेंच: कच्च्या कैऱ्या सोलून, चिरून, उन्हांत वाळविण्याचें काम घरोघर चालतें. ज्यांच्या हातचें आपल्या उपवासास चालतें, त्यांच्या सुखदुःखाची खबर आपल्यास नसावी, हें बरें नव्हे.

चाळीस वर्षें शाळेंत काढलेल्या मजसारख्यास तेथील जीवनशाळांविषयीं विशेष आदर वाटतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनीं व गांवकऱ्यांनीं त्या काढल्या. मुलास प्रथम त्याच्या घरच्या बोलींत, मग मराठींत शिकवावें, ही त्यांची रीत. शिक्षणशास्त्राचें हें मूलतत्त्व मोठमोठ्या नगरांतील शाळा विसरल्या आहेत.

वाचकांनीं एकदां सहकुटुंब हें तीर अवश्य पाहावें. जातांना तेथील लोकांची छायाचित्रें विचारल्यावांचून घेऊं नयेत, होळीस तमाशा समजूं नये, आणि भगर-आमचूर घेतांना घासाघीस करूं नये. नर्मदा दर्शनमात्रें पावन करते असें आपण परंपरेनें मानतों; त्या दर्शनांत पाण्याखालच्या गांवांचेंही स्मरण असावें.