पेढीवरील जुन्या संगणकाचा नवा संसार : फ्रीबीएसडी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित देखभाल थांबविली. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर हवा असल्याने, आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले अनेक संगणक त्या कसोटीस उतरत नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत, गोदामातील टेबलावर, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत असे संगणक आजही आहेत. त्यांची यंत्रे धडधाकट आहेत. संपली आहे ती त्यांवरील प्रणालीची मुदत. अशा संगणकाला भंगारात काढण्यापूर्वी ज्या मोफत प्रणालींचा विचार करता येतो, त्यांत लिनक्सचे नाव बहुतेकांच्या कानावर असते. फ्रीबीएसडी मात्र तुलनेने अपरिचित राहिली आहे. वास्तविक नेटफ्लिक्सचे चित्रपट घरोघरी पोहोचविणारे सर्व्हर याच प्रणालीवर चालतात, व्हॉट्सॲपची उभारणी प्रारंभीच्या काळात हिच्याच आधाराने झाली आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राची प्रणालीही हिच्यापासून घडविलेली आहे.

बीएसडी म्हणजे ‘बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’. तिची वंशावळ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आरंभिलेल्या युनिक्सपर्यंत जाते. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी होती. सरकारशी झालेल्या १९५६च्या समझोत्यामुळे तिला अन्य व्यवसायात उतरण्यास बंदी होती. त्यामुळे युनिक्स विकण्याऐवजी ती विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, मूळ सांकेतिक मजकुरासह देण्यात आली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने तेथील सुधारणा एकत्र करून १९७८ साली त्यांच्या टेप इतर संस्थांना पाठविण्यास प्रारंभ केला. पुढे त्यात इतकी भर पडत गेली, की मूळ माल कोणाचा आणि मजुरी कोणाची हे ओळखणे अवघड व्हावे. व्यापारात अशा ठिकाणी वाद ठरलेला असतो, आणि तसेच घडले.

विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने १९९२ साली ही प्रणाली साध्या वैयक्तिक संगणकावर उतरविली. तिच्यातील दुरुस्त्या वेळेवर होईनात, म्हणून नेट विल्यम्स, रॉड ग्राइम्स आणि जॉर्डन हबर्ड यांनी १९९३ साली फ्रीबीएसडीचा प्रकल्प उभा केला. त्याच सुमारास युनिक्सचे हक्क असलेल्या संस्थेने बर्कलीच्या मजकुरावर दावा सांगून खटला भरला होता. १९९४च्या प्रारंभी तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी अवघ्या ३ काढाव्या लागल्या आणि सुमारे ७० फायलींवर हक्काची नोंद लावावी लागली. मात्र जुना पाया सोडणे फ्रीबीएसडीला भाग पडले. नव्या, काहीशा अपुऱ्या मजकुरावर सारी प्रणाली पुन्हा रचण्यात नोव्हेंबर १९९४ उजाडला. दरम्यान १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सने बाजारपेठ काबीज केली. गुणवत्तेपेक्षा कोर्टकचेरीने मागे पडलेली पेढी, असे फ्रीबीएसडीचे वर्णन केल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

त्या कटू अनुभवाची दुसरी बाजू म्हणजे तिचा परवाना. तो जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. वापरा, बदला, नकला काढा, हवे तर विका. मूळ कर्त्यांची हक्कसूचना तेवढी राहू द्या आणि नुकसान झाल्यास त्यांना जबाबदार धरू नका, एवढाच त्याचा आशय.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्या संगणकावर हिशेबाची एकुलती एक प्रत आहे, त्यावर प्रयोग करू नये. बसविताना निवडलेली डिस्क पूर्णतः पुसली जाते, आणि तेथे माघार नसते. प्रथम चालू संगणकावरच व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनात एक आभासी संगणक तयार करून त्यात दोन-तीन वेळा सराव करावा. हात बसला, की मग जुने यंत्र घ्यावे. ६४ बिटचा प्रोसेसर असणे आवश्यक आहे. १५व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या जुन्या पीसींचा आधार काढून घेण्यात आला आहे. मेमरी चार जीबी असली तरी भागते, आठ असल्यास काम सुखाचे होते.

प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून पेनड्राइव्हसाठीची प्रतिमा उतरवून घ्यावी आणि सोबत दिलेल्या पडताळणीच्या आकड्याशी ती जुळते का, हे पाहावे. आलेला माल वजनकाट्यावर घातल्याशिवाय कोणी आत घेत नाही. हाही त्यातलाच प्रकार. ही प्रतिमा पेनड्राइव्हवर नुसती फाइल म्हणून ठेवून चालत नाही, त्यासाठीच्या साधनाने ती लिहावी लागते. मग संगणकाच्या प्रारंभिक सेटिंगमध्ये ‘सिक्युअर बूट’ बंद करून पेनड्राइव्हवरून तो सुरू करावा.

पुढे येणारे पडदे निळसर, अक्षरी आणि काहीसे जुन्या वळणाचे आहेत. पण प्रश्न मोजकेच असतात. कळफलकाचा प्रकार, संगणकाचे नाव, नेटवर्क, डिस्कची विभागणी, मुख्य अधिकाऱ्याचा म्हणजे ‘रूट’चा पासवर्ड, वेळेचा विभाग आणि रोजच्या वापरासाठी एक साधे खाते. येथे नवशिक्याने एक शिस्त आरंभापासून पाळावी: रूट हा तिजोरीच्या किल्ल्या असलेला मालक आहे, आणि किरकोळ विक्रीसाठी कोणी मालकाच्या किल्ल्या गल्ल्यावर टांगून ठेवत नाही. रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे.

बसविणे संपून संगणक पुन्हा सुरू झाला, की काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ हा एकच शब्द उमटतो. ना खिडक्या, ना चिन्हे. अनेकांचा उत्साह येथेच मावळतो. काहीतरी बिघडले असे त्यांना वाटते. बिघडलेले काही नसते. फ्रीबीएसडी स्वतः चित्रमय पडदा लादत नाही, तो वेगळा मागवावा लागतो. ‘पीकेजी’ या आज्ञेद्वारे ३०,०००हून अधिक तयार पॅकेजांतून हवे ते घेता येते: पडद्यासाठी झोर्ग, चित्रफलकाचे ड्रायव्हर, एक्सएफसीई किंवा केडीईचा डेस्कटॉप, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, हिशेबासाठी ग्नूकॅश. देवनागरीचे फाँट घेऊन इन्स्क्रिप्टचा कळफलक जोडला, की मराठी पत्रव्यवहारही सुरळीत चालतो. यात एक सुटीचा दिवस जातो, आणि तो गेलाच पाहिजे. त्या दिवशी जे समजते, ते तयार डेस्कटॉप मिळाल्यावर सहसा समजत नाही.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने या प्रणालीचा मोठा गुण तिच्या मांडणीत आहे. लिनक्समध्ये गाभा एकाचा, साधने दुसऱ्यांची आणि बांधणी तिसऱ्याची असते. फ्रीबीएसडीत गाभा, मूलभूत साधने आणि त्यांची माहितीपुस्तके एकाच प्रकल्पात, एकत्र सांभाळली जातात. बाहेरून आणलेल्या पॅकेजांचे घर वेगळे ठेवलेले असते. संगणक सुरू होताना काय काय चालू करायचे याच्या नोंदी बहुतांशी ‘आरसी डॉट कॉन्फ’ या एकाच फाइलमध्ये साध्या शब्दांत असतात. ‘मॅन’ ही आज्ञा देऊन पुढे विषयाचे नाव लिहिले, की इंटरनेट नसतानाही त्याची माहिती समोर येते. ‘हँडबुक’ हा प्रकल्पाचा विस्तृत ग्रंथ विनामूल्य आहे; विकत घ्यायचेच असेल, तर मायकेल लुकास यांचे ‘ॲब्सोल्यूट फ्रीबीएसडी’ हे पुस्तक नवशिक्याला पुरून उरते.

व्यापारी घराने मात्र जिच्याकरिता ही खटपट करावी ती गोष्ट निराळीच आहे. झेडएफएस ही ती फाइलव्यवस्था. ती सन मायक्रोसिस्टिम्सने घडविली आणि २००७ साली फ्रीबीएसडीत आणली गेली. तिचे तत्त्व जुन्या मुनीमजींना लगेच उमगेल. खतावणीत चुकीची रक्कम खोडून त्यावर दुसरी लिहिणे निषिद्ध असते. नवी नोंद खाली करायची, जुनी तशीच राहू द्यायची. झेडएफएसही बदललेला मजकूर जुन्यावर लिहीत नाही, रिकाम्या जागी लिहिते आणि मगच खूण नव्या जागेकडे वळविते. त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली, तरी अर्धवट मजकुराने जुना बिघडत नाही. या पद्धतीमुळेच ‘स्नॅपशॉट’ शक्य होतो: त्या क्षणाची सारी स्थिती क्षणार्धात गोठविता येते, आणि आरंभी त्याला जवळजवळ जागाच लागत नाही. पुढे एखाद्याने वर्षभराची फाइल चुकून पुसली, किंवा खंडणीखोर विषाणूने जोडलेल्या संगणकावरून फायली कुलूपबंद केल्या, तरी कालचा स्नॅपशॉट साध्या खात्याच्या हाती लागत नाही. तेथून फाइल परत काढता येते.

दुसरा गुण पडताळणीचा. लिहिलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा ताळा जपलेला असतो आणि वाचताना तो तपासला जातो. दोन डिस्कची जोडी, म्हणजे ‘मिरर’, केलेली असल्यास एका डिस्कवरील बिघडलेला तुकडा दुसरीवरून आपोआप दुरुस्त होतो. बसवितानाच विभागणीच्या पडद्यावर ‘ऑटो झेडएफएस’ आणि ‘मिरर’ निवडले, की हे सारे मिळते. तथापि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. आग, चोरी, पाणी या तिन्हींपुढे एकाच डब्यातील दोन डिस्क सारख्याच हतबल. तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुकानाऐवजी घरी ठेवावी. डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्यायही दिसतो. त्याचा परवलीचा शब्द विसरला, तर मात्र कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही.

अडचणी लपविण्यात अर्थ नाही. टॅली फ्रीबीएसडीसाठी बनलेले नाही. ‘वाइन’द्वारे किंवा आभासी विंडोज चालवून प्रयत्न करता येतो, पण मार्चअखेरीस ज्यावर सारी भिस्त, ते सॉफ्टवेअर अशा आडवाटेने चालविणे शहाणपणाचे नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची साधनेही बहुधा विंडोजपुरतीच बनविलेली असतात. लॅपटॉपवरील वायफाय हे जुने दुखणे आहे. काही चिप उत्तम चालतात, काही मुळीच नाहीत, म्हणून केबलने जोडलेला डेस्कटॉप नवशिक्यास अधिक सोयीचा. बिलांच्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का, हेही आधीच पाहावे. तेव्हा गल्ल्यावरचा संगणक आहे तसा विंडोजवर राहू द्यावा आणि जुन्या यंत्रावर फ्रीबीएसडी बसवून त्यास प्रती सांभाळण्याचे काम द्यावे. टॅलीच्या बॅकअप फायली रोज रात्री सांबाच्या साहाय्याने नेटवर्कवरून त्यावर याव्यात आणि लगोलग स्नॅपशॉट घेतला जावा. घरातील आठवी-दहावीच्या मुला-मुलींनाही देखरेखीखाली जमेल असे हे काम आहे. त्यांना त्यातून नेटवर्क, अधिकार आणि फाइलव्यवस्था यांचे जे ज्ञान मिळते, ते नुसत्या ॲप वापरण्यातून मिळत नाही.

व्यवस्था उभी झाल्यावर, महत्त्वाचा मजकूर तिच्यावर सोपविण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. काही निरुपयोगी फायली ठेवून संगणक बंद करावा, जोडीतील एका डिस्कची तार काढावी आणि पुन्हा सुरू करावा. संगणक दुसऱ्या डिस्कवरून चालू झाला पाहिजे, फायली वाचता आल्या पाहिजेत आणि ‘झेडपूल स्टेटस’ ही आज्ञा दिल्यावर जोडी ‘डिग्रेडेड’, म्हणजे उणी, झाल्याचे दिसले पाहिजे. मग संगणक बंद करून तार पुन्हा जोडावी; मधल्या काळातील बदल त्या डिस्कवर उतरतात आणि तोच शब्द ‘ऑनलाइन’ असा बदलतो. त्यानंतर एखादी फाइल मुद्दाम पुसून ती स्नॅपशॉटमधून परत आणावी, आणि ती कशी आणली हे त्या संगणकाशेजारच्या वहीत शाईने लिहून ठेवावे.