दोन स्पीकर जोडताना

उत्सवाच्या मांडवात मागच्यांना ऐकू यावे म्हणून तुम्ही दुसरा स्पीकर आणता. तो जोडण्यापूर्वी अँप्लिफायरची पाठ वाचा. तेथे ‘किमान 8 ओहम’ लिहिले असेल, आणि 8 ओहमचे दोन स्पीकर तुम्ही समांतर जोडलेत, तर विजेला दोन वाटा मिळतात. अवरोध 4 ओहमच उरतो. प्रवाह वाढतो, यंत्र तापते आणि ऐन आरतीत मुके होते! तेच एकसर जोडा: अवरोध 16 ओहम होईल. आवाज तितका मोठा नसेल, पण यंत्र सुखरूप राहील. वॅटचेही पाहा, स्पीकरची क्षमता त्याला मिळणाऱ्या शक्तीहून थोडी अधिक असावी. तरीही आवाज फाटू लागलाच, तर बटण मागे फिरवा. फाटक्या आवाजाने स्पीकरचे वेटोळे जळू शकते.