मण्यार ओळखणारी सिस्टर

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. शहापूरवरून मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाटाकडे जातो, मुरबाडवरून कल्याणचा रस्ता माळशेजकडे. दोन्ही तालुक्यांत डोंगरउतारावर आदिवासी पाडे विखुरलेले. अशा भागातल्या कॅज्युअल्टीत गाडीच्या अपघातातला जखमी येतो, तसाच भातलावणीत साप चावलेला, कीटकनाशक प्यालेला आणि बाळंतपणात रक्तस्राव झालेलीही. तीन वर्षांचे जीएनएम किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करून आलेली नवी परिचारिका या सगळ्याचे शास्त्र शिकलेली असते. शिकायचा राहतो तो क्रम: आधी काय, मग काय, कशासाठी थांबायचे नाही. माझे म्हणणे असे, की हा क्रम जिथे वापरायचा, तिथेच शिकवायला हवा.

सर्पदंशच घ्या. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. जागा फारशी सुजत नाही की दुखत नाही. पहाटे माणूस पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. त्याच्या जड झालेल्या पापण्या जिला दिसतात, ती सिस्टर डॉक्टरांना हाक मारतानाच हाताने श्वास देण्याची अंबू बॅग जवळ ओढते. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते तपासायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. यंत्र लागत नाही, शिस्त लागते: नळी प्लास्टिकची चालत नाही, डिटर्जंटने धुतलेलीही नाही. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनालिन आधीच भरून ठेवायचे. पुस्तकात हे सगळे आहे. नातेवाइकांच्या गर्दीत ते आठवणे सरावाने येते.

३१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातल्या सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा बळी गेला. अशा वेळी एकदम अनेक जखमी आले, की तातडीनुसार लाल, पिवळा, हिरवा, काळा अशी वर्गवारी करावी लागते. मोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो, गप्प पडलेल्याकडे आधी वळायचे, हे अंगवळणी पडायला रंगीत तालीमच हवी.

‘शेवटी ठाण्या-मुंबईलाच पाठवायचे, मग इथे एवढे कशाला?’ असे विचारले जाते. पण रुग्ण तिथवर जिवंत पोहोचतो तो इथे श्वास आणि रक्तदाब सांभाळल्यामुळे. ‘स्टाफच अपुरा, शिकवणार कधी?’ ही अडचण खरी आहे आणि प्रशिक्षण हा भरतीला पर्याय नाही. तरीही ड्युटी बदलताना दहा मिनिटे इमर्जन्सी ट्रॉली उघडून एकेका प्रसंगाची उजळणी करता येते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: केस कमी, तर हात बसणार कसा? मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावर होतो, पण श्वासनलिकेत नळी टाकताना मदत करणे, व्हेंटिलेटर सांभाळणे यांसाठी काही आठवडे शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जावेच. मात्र ते पूरक शिक्षण. मूळ ज्ञान गावातही घडते: विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड परिसरात रुग्ण पाहतच सिद्ध केला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो छापला. गावातली कॅज्युअल्टी ही शहराची अपुरी नक्कल नव्हे. तिचे स्वतःचे शास्त्र आहे. म्हणून नव्या सिस्टरला एकटीने रात्रपाळी देण्याआधी प्रमाणपत्र पाहून भागणार नाही. अनुभवी सिस्टरने तिला ही कामे करताना पाहिलेले असावे.