जुनी डिझेल की नवी? पेण-रोह्याच्या रस्त्यावरचा हिशेब

दिवाळीत वहीपूजन आटोपले की व्यापारी घरांतून खरेदीच्या गोष्टी निघतात. पेण, नागोठणे, रोहे या पट्ट्यात अशा वेळी एक प्रश्न हमखास पुढे येतो: घरातील दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी अजून खणखणीत चालते, तीच ठेवावी की ती देऊन अलीकडची घ्यावी? वडिलांचा कौल बहुधा जुनीच्या बाजूने पडतो, मुलाचा नवीच्या. दोघांचेही अर्धे खरे असते.

‘नवी’ या शब्दाचा अर्थ मात्र येथे आधी स्पष्ट करावा लागतो. दुकानातून कोरी डिझेल सेडान, म्हणजे मागे डिकी असलेली मध्यम किमतीची गाडी, आता जवळजवळ मिळेनाशी झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइड २५० मिलिग्रॅमपर्यंत सोडण्याची मुभा होती, ती ८० वर आली. काजळीच्या कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर. हे साधण्यासाठी लागणारी यंत्रणा लहान गाडीच्या किमतीत बसेना. मारुतीने त्याच वेळी डिझेल बंद केले आणि डिझायरचे १२४८ सीसीचे, मूळ फियाटचे इंजिन इतिहासजमा झाले. होंडा सिटी २०१४ मध्ये प्रथम डिझेलमध्ये आली होती. तिचे डिझेल २०२३ मध्ये थांबले. त्याच वर्षी आलेल्या नव्या व्हर्नातही डिझेल नव्हते. म्हणजे आजची निवड ही दोन जुन्या गाड्यांमधील आहे: एक २०२० पूर्वीची बीएस-४, दुसरी २०२० ते २०२३ मधील बीएस-६.

या दोहोंतील खरा फरक बॉनेटखाली, धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ नावाची काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की इंजिन स्वतःच धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढवून काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग वेगाने धावावी लागते. दोन किलोमीटर जाऊन बंद, पुन्हा तीन किलोमीटर जाऊन बंद, अशा वापरात ते जळणे अर्धवट राहते, समोर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष झाले तर गाळणी बदलण्याचा खर्च ऐकून मालक खाली बसतो. तेलही ठरावीक कमी राखेचेच लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातील स्वस्त तेल भरले तर राख गाळणीत साचते आणि ती कोणत्याही वेगाने जळत नाही. बीएस-४ च्या बहुतेक लहान सेडानमध्ये ही गाळणीच नसते. ती गाडी धूर अधिक सोडते, पण नखरे कमी करते.

आता दोन घरे डोळ्यांसमोर आणावीत. पहिले पेणमधील: दुकान बाजारात, गोदाम गावाबाहेर, दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर, तेही तुकड्या-तुकड्यांनी. चातुर्मासात प्रवास आवरता घेतला की गाडी आठवडा आठवडा जागेवरच. या घराने बीएस-६ डिझेल घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे. जुनी चांगली असेल तर ती ठेवावी, आणि बदलायचीच असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी.

दुसरे घर रोह्याचे. आठवड्यातून तीन-चार वेळा वाशीच्या बाजारसमितीत पहाटे पोहोचायचे, परतताना पनवेल-पेणला वसुली, आणि चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड अशा सलग धावेत गाळणी आपोआप साफ राहते. दोन उशा, सहा एअरबॅग, चढावर मागे न घसरण्याची सोय यांसारख्या गोष्टींचाही येथे उपयोग होतो, कारण माणूस दमलेला असतो आणि रस्ता, विशेषतः पावसाळ्यात, दमवणारा आहे. या घराला नवी शोभते.

मायलेजचा मोह मात्र दोघांनीही आवरावा. कोणी रोज पेण-रोहे ये-जा करतो, साधारण ९० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, असे धरले तर वर्षाला २७,००० किलोमीटर होतात. जुनी लिटरला १८ देते आणि नवी २० देते असे मानले, तर वर्षाची बचत १५० लिटरची. डिझेल ९० रुपये धरल्यास साडेतेरा हजार. नवीसाठी तीन लाख अधिक मोजले असतील तर त्यांचे ९ टक्क्यांनी व्याजच सत्तावीस हजार होते. इंधन वाचेल म्हणून नवी घेणारा व्यापारी स्वतःच्या दुकानात असा सौदा कधीच करणार नाही. नवी घ्यायची ती सुरक्षिततेसाठी आणि पुढील आयुष्यासाठी.

करांचाही विचार येथेच करावा. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. कलम १७(५) ते अडवते. धंद्याच्या वापरापुरता १५ टक्के घसारा मात्र मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेली गाडी बहुधा या निम्म्यात सापडते.

जुनी बाहेरून घ्यायची असेल तर पाण्याची शंका आधी फेडावी. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण बुडाले, आणि कुंडलिकेचे पाणी रोहेकरांनाही अपरिचित नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गाळाची रेघ असेल तर किंमत विचारूही नये. सीटखालचे लोखंडी रूळ, डिकीतील स्टेपनीची खाच येथेही गंज बोलतो. खाडीलगत उभी राहणारी गाडी वरून कितीही चकाकत असली तरी खालून उचलून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या गाडीचे प्रकरण वेगळे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने २०१५ पासून तेथे दहा वर्षांवरील डिझेलवर बंदीची टांगती तलवार आली, म्हणून अशा गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. महाराष्ट्रात तशी बंदी नाही. पण ना-हरकत पत्र आणि येथील कर यांचा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढते, पण एप्रिल २०२२ पासून मोटारीचे हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. २०१२ ची डिझायर आज घेणाऱ्याने ही तारीख आरसी पुस्तकात आधी पाहावी आणि भाव त्याप्रमाणे पाडून मागावा. एमएच-०६ ची गाडी असेल तर नाव बदलण्याचे काम पेणच्याच परिवहन कार्यालयात होते: नमुना २९ आणि ३०, आणि आधीच्या मालकाचे कर्ज असल्यास बोजा उतरवल्याचा नमुना ३५. शेवटचा कागद हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, मग विकणारा सख्ख्या मामेभावाचा व्याही का असेना.